तांब्याच्या हंड्यातला शीण

एका राज्यात कोणी हाताने काम करीत नसे. नांगर आपोआप चालत, जाती आपोआप फिरत, पालख्या भोयांवाचून हवेतून जात. प्रत्येक घरात पाच अक्षरांचा एक मंत्र ठाऊक होता. तो म्हटला की वस्तू उठे आणि सांगितलेले काम करून जागेवर जाऊन बसे. सव्वीस वर्षे असे चालले होते. पहिल्या वर्षी लोक नांगरासाठी मंत्र म्हणत, पाणी शेंदण्यासाठी म्हणत. पुढे दार लोटण्यासाठी म्हणू लागले, पाठ खाजवण्यासाठी म्हणू लागले, आणि अखेर नाकावरची माशी हाकलण्यासाठीही म्हणू लागले.

त्या राज्याचा राजा धवलकेतू तीस वर्षांचा होता. त्याचे केस म्हाताऱ्यासारखे पांढरे होते. सिंहासनापर्यंतच्या पाच पायऱ्या चढताना तो दोनदा बसे. जेवताना घास तोंडापर्यंत नेताना त्याचा हात कापे. रात्री तो डोळे मिटून पडे, पण झोप त्याच्याजवळ येत नसे. वैद्य येत, नाडी धरत, चाटण देत आणि खाली मान घालून जात. राज्य सुखात होते आणि राजा थकत चालला होता, यात लोकांना काही नवल वाटत नसे. त्याचा बापही असाच नऊ वर्षे राज्य करून गेला होता आणि आजा मंत्र आल्यापासून अकरा वर्षांत. राजे लवकर म्हातारे होतात, एवढेच लोक समजून होते.

राजाची राणी पद्मगंधा. एके दिवशी सकाळी ती राजाच्या उशाशी बसली होती. दासीने मंत्र म्हटला आणि पाण्याने भरलेले घंगाळ उचलून आत आणवले. त्याच क्षणी राजाच्या खांद्याला झटका बसला, जणू कोणी त्यावर ओझे टाकले. राणीने ते पाहिले. दासी गेल्यावर तिने स्वतः हलकेच मंत्र म्हटला आणि कोपऱ्यातली समई उचलली. राजाने ओठ आवळले. तिने समई खाली ठेवली आणि चौरंग उचलला. राजाच्या घशातून कण्हणे बाहेर आले. तिसऱ्या खेपेला तिने मंत्राची तीन अक्षरे म्हटली आणि तिची जीभच पुढे जाईना.

ती म्हणाली, "महाराज, हे काय आहे?"

राजाने उशीवरून डोके उचलले. मग म्हणाला, "तुला कळले तर. बरे झाले. लपवण्याचाही शीण होतो."

त्याने सांगितले ते असे. आजोबा रुद्रकेतू यांच्या काळात सलग चार वर्षे रोगराई झाली. माणसे निम्मी उरली आणि उरलेली कामाने खंगली. तेव्हा आजोबा धूम्रगिरीवर कालंजय नावाच्या मांत्रिकाकडे गेले आणि म्हणाले, माझ्या प्रजेचे कष्ट जाऊ देत. मांत्रिक म्हणाला, कष्ट जात नसतात, जागा बदलतात. तुझ्या प्रजेचे कोण घेईल? आजोबा म्हणाले, मी घेईन. मांत्रिकाने त्यांना मंत्र दिला आणि तांब्याचा एक हंडा दिला. हंडा सिंहासनाखाली पुरला. मंत्राने झालेल्या प्रत्येक कामाचा शीण सिंहासनावर बसणाऱ्याच्या अंगात येतो, आणि अंगात मावत नाही तो हंड्यात साठतो. हंडा काठोकाठ भरला की राजा मरतो, हंडा रिता होतो आणि पुढचा राजा बसतो.

"हंड्यात किती जागा उरली आहे?" राणीने विचारले.

"चार बोटे."

"प्रजेला हे का सांगितले नाही?"

"आजोबांनी शपथ घातली होती. उपकार बोलून दाखवू नये, म्हणाले."

राणीच्या मनात त्या वेळी एकच गोष्ट आली. तिची मुलगी मंजुघोषा सात वर्षांची होती. राजाला दुसरे मूल नव्हते. ती उठली आणि म्हणाली, "मी धूम्रगिरीवर जाते. ज्याने दिले त्याला परत घ्यायला सांगते."

"पालखी घेऊन जा," राजा सवयीने म्हणाला. आणि त्याने स्वतःच हात हलवून नको म्हटले. पालखी मंत्राने चालत होती.

राणी पायी निघाली. तिच्या पायांना महालाबाहेरची जमीन ठाऊक नव्हती. वेशीपर्यंत जाईतो तिच्या टाचेला फोड आला. वेशीपाशी एक म्हातारा विहिरीतून हाताने पाणी शेंदत होता. राज्यात असा तो एकटाच होता आणि लोक त्याला खुळा म्हणत. त्याचे नाव हिरोजी. तो जातीचा भोई. पंधरा वर्षे त्याने रुद्रकेतू महाराजांची पालखी खांद्यावर वाहिली होती. पालख्या हवेतून जाऊ लागल्या तेव्हा त्याचे काम गेले. त्याच्या उजव्या खांद्यावर लिंबाएवढी गाठ होती.

राणी म्हणाली, "हिरोजी, धूम्रगिरीची वाट कोणती?"

"मला ठाऊक आहे, राणीसाहेब. थोरल्या महाराजांना तिथे आम्हीच नेले होते. आठ भोई होतो. सात गेले."

"वाट सांगा. मी जाईन."

हिरोजीने घागर कठड्यावर ठेवली. तिचा फोड पाहिला, आपले पायताण काढून तिच्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "एकट्याने ओझे उचलू नये, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम आहे. मी येतो."

"तुम्ही मंत्र का म्हणत नाही?" राणीने वाटेत विचारले.

"थोरले महाराज पर्वतावर चढले तेव्हा हलके होते. उतरताना पालखी जड झाली. माणूस तोच, पालखी तीच. खांद्याला वजन कळते, राणीसाहेब. काय झाले ते मला कळले नाही, पण त्या दिवसानंतर मला तो मंत्र म्हणवला नाही."

ते नऊ दिवस चालले. पाचव्या दिवशी खडकाळ माळ लागला. तिथे उघड्यावर, खड्यांच्या मध्ये, टिटवीची चार अंडी होती. राणीचा पाय त्यांवर पडणार तोच हिरोजीने तिला बाजूला ओढले, आणि दोघे माळाला लांबचा वळसा घालून गेले. टिटवी त्यांच्या डोक्यावरून उडत आली आणि म्हणाली, "इकडून जाणारे सरळ जातात. तुम्ही वळसा घेतलात. तुमच्या घरची खबर मी आणत जाईन." त्या काळी टिटव्या बोलत असत. टिटवीने आपला शब्द पाळला.

धूम्रगिरीच्या माथ्यावर दगडी अंगण होते. अंगणात मांत्रिक कालंजय बसला होता. त्याच्या गुडघ्यांवर शेवाळ चढले होते आणि दाढीत मुंग्यांनी घर केले होते. त्याने डोळे उघडले तेव्हा त्याच्या पापण्यांतून धूळ गळली.

"रुद्रकेतूच्या घरचे कोणी आले," तो म्हणाला. "फार उशीर केलात."

राणी म्हणाली, "आपले देणे परत घ्या."

"घेईन. मलाही ते हवे आहे. तो करार मोडल्याशिवाय मला मरता येत नाही, आणि मी दमलो आहे. पण मंत्राने बांधलेले मंत्राने सुटत नाही. माणसाच्या हातांनी सुटते. तीन कामे आहेत."

"सांगा."

"हे कुंड पाहा. खाली नदी आहे. नऊशे पायऱ्या आहेत. एकशे आठ घागरी आणून कुंड भर."

"हिरोजींनी मदत केलेली चालेल?"

"माणसाची मदत चालेल. मंत्राची चालणार नाही."

राणीने घागर उचलली. पहिल्या दिवशी तिच्याकडून तीन घागरी झाल्या आणि हिरोजीकडून पाच. घागर कमरेवर कशी घ्यावी, उतरताना गुडघा कसा सोडावा, श्वास कोणत्या पायरीवर घ्यावा हे हिरोजीने तिला शिकवले. दुसऱ्या दिवशी तिला उठता येईना, तरी ती उठली. पुढे पुढे ती बोलेनाशी झाली. पायरी, पायरी, पायरी. ती नवऱ्याचा विचार करी, मग मुलीचा, मग कशाचाच नाही. घागरीतले पाणी हिंदकळून तिच्या पाठीवर पडे, तेवढेच बरे वाटे.

चौदाव्या दिवशी भर दुपारी एकशे तिसरी घागर घेऊन ती चढत होती. शेवटच्या वळणावर तिचा पाय ओल्या दगडावरून सरकला. घागर कमरेवरून सुटली. आणि काही कळायच्या आत तिच्या तोंडून मंत्र निघून गेला. लहानपणापासून जिभेवर बसलेला तो, विचारायला थांबला नाही. घागर हवेत थांबली, सावरली, आणि डुलत डुलत आपणच कुंडापाशी जाऊन रिती झाली.

कालंजय उठला. त्याने पायाने कुंडाची खुंटी काढली. चौदा दिवसांचे पाणी दरीत वाहून गेले.

"पहिल्यापासून," तो म्हणाला आणि पुन्हा बसला.

राणी पायरीवर बसून राहिली. दिवस मावळताना टिटवी आली. ती नेहमीप्रमाणे ओरडली नाही. खाली उतरून म्हणाली, "राजा अंथरुणात बसून मुलीशी बोलत होता. बोलता बोलता थांबला. त्याची वाचा गेली."

"कधी?"

"आजच, भर दुपारी."

राणीने हिरोजीकडे पाहिले. हिरोजीने तिला धीर दिला नाही आणि दोषही दिला नाही. तो एवढेच म्हणाला, "माझ्या खांद्यावरून एकदा पालखी सुटली होती. आत थोरल्या राणीसाहेब होत्या. पुढच्या दिवशी पुन्हा त्याच खांद्यावर घेतली. दुसरा खांदा कुठून आणणार?"

तिने घागर उचलली. त्यानंतर चढताना तिने पदराचे टोक दातांत धरले, जीभ हलू नये म्हणून. एकोणीस दिवसांनी कुंड भरले.

"दुसरे काम," कालंजय म्हणाला. "आत नाचणीचे पोते आहे, जाते आहे. दळ आणि भाकरी करून मला वाढ. मंत्राचे अन्न खाऊन माझ्या तोंडाची चव गेली."

जात्याची मधली लोखंडी खीळ गंजली होती. हिरोजीने ती तेल लावून सोडवली, पण दळण त्याला जमेना; घागरी वाहून त्याच्या बोटांत आता धरण्याची ताकद उरली नव्हती. राणीने दळले. पहिले पीठ रव्यासारखे जाड आले. तिने पुन्हा दळले. तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. पोते संपायला सहा दिवस लागले. मग तिने भाकरी थापली. पहिली तुटली, दुसरी तव्याला चिकटली, तिसरी एका बाजूने करपली. तीच तिने मांत्रिकापुढे ठेवली.

कालंजयाने तुकडा मोडला, चावला. "कच्ची आहे," तो म्हणाला. "दाताखाली कचकच लागते." आणि त्याने सगळी भाकरी खाल्ली. कडेचा करपलेला भागही ठेवला नाही.

"तिसरे काम इथे नाही," हात झटकून तो म्हणाला. "घरी जा. हंडा उकरून मैदानात आणा आणि उघडा. त्यात राखेसारखे दिसेल, ते तुमच्या प्रजेचे कष्ट. ज्याला घ्यायचे त्याने समजून आणि आपल्या मनाने ओंजळभर घ्यावे. सक्ती केली किंवा फसवले तर ते हातातून परत हंड्यात जाईल. झाकण निघाल्या दिवशी, सूर्य बुडायच्या आत हंड्याचा तळ दिसला पाहिजे. नाही दिसला, तर उरलेले सगळे एकदम राजावर पडेल. मग त्याच्या मागून सिंहासनावर कोण बसेल ते तू जाणतेस."

"आणि तळ दिसला तर?"

"मंत्र विझेल. पुन्हा कोणाला काम करून मिळणार नाही. हेही त्यांना सांग. लपवू नकोस."

"ते घेतील का?"

"मला माणसांचे काय ठाऊक?" मांत्रिक म्हणाला. "मी दगड उचलू शकतो, नदी वळवू शकतो. कोणाला हो म्हणायला लावू शकत नाही. ते तुमचे तुम्ही पाहा."

परतीचे नऊ दिवस चालून दोघे राज्यात आले. राणी इतकी वाळली होती की वेशीवरच्या पहारेकऱ्याने तिला ओळखले नाही. ती थेट राजाकडे गेली. राजा आडवा होता. त्याने तिच्या हातांकडे पाहिले, घट्टे पाहिले, आणि तिचा तळवा आपल्या डोळ्यांवर ठेवला. बोलू शकत नव्हता. हंड्यात आता एक बोट जागा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानात दवंडी पिटली गेली. लोक आले. कोणी खाटेवर पडून हवेतून तरंगत आले, कोणी खुर्चीत बसून. मध्यभागी ओट्यावर राजाला आणून निजवले होते. शेजारी हंडा होता. तो हिरोजीने सहा म्हाताऱ्यांना जमवून पहारीने उकरून काढला होता.

राणीने सगळे सांगितले. काही झाकले नाही, काही वाढवले नाही.

मग प्रधान भद्रसेन पुढे आला. तो हुशार आणि कामाचा माणूस होता. म्हणाला, "राणीसाहेब, दुःख वाटते. पण राज्यात दोन लाख माणसे आहेत आणि राजा एक आहे. राजे येतात, राजे जातात. मंत्र गेला तर उद्या नांगर कोण धरणार? जे थोरल्या महाराजांनी आपल्या मनाने घेतले, ते मोडणे हा त्यांचा अपमान नाही का?"

पुष्कळ लोकांनी माना डोलावल्या. राणी ओट्याच्या कडेला बसली. ती दमली होती.

ऊन चढले होते. ओट्याजवळ एका जाड्या सावकाराने सवयीने मंत्र पुटपुटला. त्याची छत्री उघडली आणि त्याच्या डोक्यावर जाऊन उभी राहिली. ओट्यावर राजाचे अंग धनुष्यासारखे वाकले आणि खाली आपटले. पुढच्या चार रांगांनी ते पाहिले. छत्री तरंगत राहिली. सावकाराने वर पाहिले, राजाकडे पाहिले, आणि हात उंचावून ती छत्री खाली ओढली.

गर्दीतून एक बाई म्हणाली, "मी रोज सकाळी मंत्राने केस विंचरते. तेव्हाही असेच होते?"

"हो," राणी म्हणाली.

"रोज?"

"रोज."

बाईने आपल्या केसांवरून हात फिरवला.

हिरोजी हंड्यापाशी गेला आणि झाकण काढले. आत करड्या रंगाचे, राखेहून बारीक असे काही भरले होते. त्यावर ऊन पडत होते, पण ते चमकत नव्हते.

राणी म्हणाली, "हिरोजी, यात तुमचे काही नाही. तुम्ही एकदाही मंत्र म्हटला नाहीत."

"नसेल, राणीसाहेब. पण पालखी उठायची तर पहिला खांदा कोणीतरी द्यावा लागतो. बाकीचे मग लागतात." त्याने ओंजळ भरली. राख त्याच्या तळहातांत मुरली. तो सावकाश खाली बसला आणि म्हणाला, "जड आहे. पण उचलता येते."

मग ती केस विंचरणारी बाई आली. तिच्या मागून तो सावकार आला. मग एक कुंभार, मग दोघे भाऊ, मग रांग लागली. ओंजळ घेतली की माणूस चार पावले जाई आणि जमिनीवर बसे. कोणी रडत होते. कोणी नुसते आपल्या हातांकडे पाहत होते. एक म्हातारी म्हणाली, "अगबाई, हे तर ओळखीचे आहे. लावणीच्या दिवसांत असेच अंग दुखायचे." आणि तिला हसू आले.

पण सगळे आले नाहीत. दुपारी निम्मी गर्दी पाठ फिरवून निघाली. कोणी म्हणाले, आम्ही गरिबांनी थोडाच मंत्र म्हटला. कोणी काहीच म्हणाले नाही. त्यांच्या खाटा हवेतून जाताना राजाचे हातपाय पुन्हा पुन्हा आखडत होते. राणीने कोणाला अडवले नाही. अडवून उपयोग नव्हता.

तिने स्वतः तीन ओंजळी घेतल्या. तिसरीनंतर तिला उभे राहवेना. ती हंड्याला टेकून बसली. तेव्हा मंजुघोषा तिच्याजवळ आली आणि तिने हंड्यात हात घातला.

राणीने तिचे मनगट धरले. "तुझे नाही, बाळ."

"मी बाहुल्या नाचवायची मंत्राने," मुलगी म्हणाली. "बाबांना दुखत होते ते मला ठाऊक नव्हते."

राणीने धरलेला हात बराच वेळ सोडला नाही. याच मुलीसाठी ती नऊशे पायऱ्या चढली होती. मग तिने मनगट सोडले. मुलीने चिमूटभर घेतले, जांभई दिली आणि आईच्या मांडीवर झोपली. जे ओंजळ घेऊन मैदानात पडले होते त्यांनी हे पाहिले. त्यांतले काही जण हातांवर रेटा देऊन उठले, रांगत हंड्यापाशी आले आणि दुसरी ओंजळ घेऊन गेले. हिरोजीही आला. राणी नको म्हणाली, त्याने ऐकले नाही.

सूर्य डोंगराच्या वर हातभर उरला. हंड्यात अजून वीतभर राख होती आणि उठू शकेल असा कोणी दिसत नव्हता. तेव्हा प्रधान भद्रसेन आला. दुपारपर्यंत तो मैदानाच्या कडेला उभा होता, मग दिसेनासा झाला होता. त्याच्या मागे घरी गेलेल्यांपैकी शेदीडशे माणसे होती. ती पायी आली होती.

"मी यांच्या दारोदार गेलो," तो राणीला म्हणाला. "वीस वर्षे कारभार केला, तो मंत्राच्या जोरावर केला. मला वाटत होते, मीच करतो आहे." त्याने पगडी काढून ओट्यावर ठेवली आणि पहिली ओंजळ घेतली. त्याच्या मागच्यांनी घेतली. शेवटची दोन मुठी राख एका मुक्या गुराख्याने हंडा तिरपा करून पुसून घेतली. सूर्याची कड डोंगराला टेकली होती. हंड्यात तांब्याचा लाल तळ दिसला.

त्या क्षणी राज्यभर जे जे हवेत होते ते खाली पडले. खाटा पडल्या, पंखे पडले, पालख्या पडल्या. चुलीवर तरंगणारे झारे कढईत पडले. मंत्र विझला. लोकांनी तो आठवून पाहिला. पाच अक्षरे होती तशी होती, पण ती म्हणून काही होईना. धूम्रगिरीवर कालंजय अंगणात आडवा झाला आणि पुन्हा उठला नाही; हे टिटवीने मागाहून सांगितले.

मैदानात माणसे जिथे बसली होती तिथेच झोपली. ओट्यावर राजा धवलकेतू कुशीवर वळला, हात गालाखाली घेतला, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्याला झोप लागली.

ओंजळ घेतलेले सगळे तीन दिवस झोपले. गाई हंबरत होत्या, कोणी ऐकत नव्हते. चौथ्या दिवशी एकेक जण उठू लागला. अंगे ठणकत होती, पोटे भुकेली होती. राजा उठला. केस पांढरेच राहिले, ते पुन्हा काळे झाले नाहीत. पण तो कोणाचा हात न धरता उभा राहिला. त्याच्या घशातून खरखरीत आवाज आला. तो म्हणाला, "हिरोजी कुठे आहे?"

हिरोजी हंड्याजवळ पडला होता. तो उठला नव्हता. चौसष्ट वर्षांच्या अंगात दोन ओंजळी मावल्या नव्हत्या. राणी त्याच्या पायांशी बसली होती. ती राजाच्या आधी जागी झाली होती. तिने त्याच्या पायांवरची माळाची धूळ पदराने पुसली.

तिरडी बांधायला कोणाला येत नव्हते. जुन्या माणसांनी आठवून आठवून ती बांधली. गाठी सैल होत्या, दोनदा सोडून पुन्हा बांधल्या. पुढचा उजवा खांदा राजाने दिला. प्रधान म्हणाला, "महाराज, आपल्याला झेपायचे नाही. चार पावलांवर बदलू." राजा म्हणाला, "बदला. पण पुन्हा मी घेईन." नदीपर्यंत तो सात वेळा बाजूला झाला आणि सात वेळा परत खांदा लावला.

पुढचे वर्ष कठीण गेले. बैलांना जू ठाऊक नव्हते आणि माणसांना बैल ठाऊक नव्हते. नांगराचे तास वाकडे पडले, पेरणी उशिरा झाली, पीक निम्मे आले. महालात एक वेळ जेवण होऊ लागले. ज्यांनी ओंजळ घेतली नव्हती त्यांतले काही सीमा ओलांडून दुसरा मंत्र शोधायला गेले. काही परतले, काही परतले नाहीत. चावडीवर भांडणे झाली. कित्येकांनी राणीला शिव्या दिल्या आणि तिच्या कानांवरही त्या आल्या. ती जात्यावर बसून दळत होती. ती थांबली नाही.

दुसऱ्या वर्षी तास सरळ पडले. तिसऱ्या वर्षी भोयांची पोरे पालखीला खांदा द्यायला शिकली, कुंभाराचे चाक सुरळीत फिरू लागले आणि कोठारात दोन वर्षांचे धान्य साठले. धवलकेतूने पुढे एकतीस वर्षे राज्य केले. त्याच्यानंतर मंजुघोषा सिंहासनावर बसली, आणि बसताना तिच्या अंगात काहीही शिरले नाही. टिटव्या मात्र बोलत राहिल्या. ती जादू नव्हती, तो त्यांचा स्वभाव होता.

त्या राज्यात आता लोक दिवसभर राबत, संध्याकाळी थकत, जेवत आणि झोपत. सकाळी उठत तेव्हा शीण गेलेला असे. तो कुठे जातो, कोण नेतो, हे सांगायला कोणी मांत्रिक उरला नव्हता, आणि विचारायलाही कोणी जात नसे.

इतके झाले, इतके सांगितले. ऐकणाऱ्याने आता पाय पसरावेत. सांगणाराही दमला आहे.